नकाशाच्या जोडावरची वस्ती

शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच तासाला सरांनी मला उभं करून विचारलं, "प्रशिक्षणाचा अहवाल कधी देणार?" आणि मी म्हणाले, "साहेब, मसुदा तयार आहे. तुमच्या नजरेखालून गेला की वर पाठवू." वर्ग खो खो हसला. सरही हसले. मी खाली बसले ती तास संपेपर्यंत धुमसत होते. वर्षभर दहा ते पाच कचेरीत काढलेल्या माणसाच्या तोंडून 'यस सर' एकदम कसं निघणार?

आमचा स्थापत्य पदविकेचा कोर्स तसाच होता. दोन वर्षं नांदेडला शिकायचं, तिसरं वर्ष एखाद्या कचेरीत नाहीतर बांधकामावर काढायचं, आणि परत येऊन शेवटचं वर्ष पुरं करायचं. वर्गातली पोरं धरणावर गेली, रस्त्याच्या कामावर गेली. आम्ही मुली दोघीच. माझे वडील कंधारला शाळामास्तर. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, लातूरला मामा आहे तर लातूर, नाहीतर घरी बस. मी लातूर घेतलं.

परत आले तेव्हा माझ्या डोक्यात हवा गेली होती, हे कबूल केलेलं बरं. लातूरला मला शिपाई 'मॅडम' म्हणायचा. इथे परत घंटा, हजेरी, वहीला तांबडं कव्हर. ज्या गोष्टी मी वर्षभर हातानं केल्या त्या सर फळ्यावर काढून दाखवायचे आणि पोरं माना डोलवायची. मला वाटायचं, आपण चुकून पोरांच्या शाळेत शिरलोय. अकरा वाजले की चहाची आठवण यायची आणि जीव कासावीस व्हायचा. एक गोष्ट मात्र खरी होती. अहवालावर लातूरच्या कचेरीची सही यायची बाकी होती, आणि त्या सहीशिवाय मला शेवटच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. सही अडली तर साल गेलं. आणि माझं साल गेलं असतं तर वडिलांनी दुसरं साल दिलं नसतं, त्यांनी सोयरीक बघून ठेवली होती.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील, पण सगळं नवंच होतं. आमची कचेरी एका व्यापाऱ्याच्या भाड्याच्या घरात, खाली त्याचं तुरीचं गोदाम. जुन्या जिल्ह्यातून टेबलं, कपाटं, फायली ट्रकनं आल्या होत्या आणि नकाशे पोत्यांत भरून. माणसं मात्र सगळी नवी. कुणी बीडहून बदलून आलेलं, कुणी परभणीहून. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत म्हणे एक म्हातारा शिपाई होता, त्याला प्रत्येक वाडी, प्रत्येक तांडा तोंडपाठ. त्याला काही ट्रकमध्ये घालून आणता आलं नाही. आम्हाला जिल्हा कळायचा तो कागदावरूनच.

आमच्या खोलीचे मुख्य म्हणजे चाचा. डोक्यावर टोपी, पांढरी दाढी, निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेलं. निजामाच्या काळात नकाशे काढायला शिकलेले. त्यांचं मराठी निम्मं आमच्यासारखं आणि निम्मं त्यांचं स्वतःचं. मी पहिल्या दिवशी शाईची रेघ फिसकटवली तेव्हा मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी अर्धं ब्लेड काढलं, रेघ हलक्या हातानं खरवडली, वर नखानं घासलं आणि म्हणाले, "कागदाला दुखायला नाही पाहिजे, बेटा." मला त्या माणसाचा लळा लागला. घरी कुणी मला इतक्या हळू आवाजात काही शिकवलेलं नव्हतं.

त्या वर्षी दुष्काळ होता. डिसेंबरातच विहिरी खडखडल्या आणि टँकर लावायची वेळ आली. कुठला टँकर कुठे जाणार याचा नकाशा हवा होता, तोही लगोलग. एका तालुक्याचा नकाशा चाचांनी माझ्याकडे दिला. जुना नकाशा दोन तुकड्यांत होता, आणि मला दोन्ही तुकडे एका मोठ्या ट्रेसिंग कागदावर उतरवून एक करायचे होते. मी डावा तुकडा उतरवला, मग संक्रांतीला चार दिवस कंधारला गेले, तीळगूळ खाल्ला, परत येऊन उजवा उतरवला.

तपासायची चाचांची जुनी पद्धत होती. ते गावांच्या सरकारी यादीतून एकेक नाव मोठ्यानं वाचायचे, मी नकाशावर बोट ठेवून 'हाय' म्हणायचं, आणि ते यादीत टिंब द्यायचे. आम्ही सकाळभर वाचलं. एकही गाव सुटलं नव्हतं. चाचांनी 'तपासले' लिहून सही केली आणि म्हणाले, "शाबास." मी इतकी खूश झाले की अमोनियाच्या प्रिंट काढायला स्वतः गेले. त्या वासानं डोळे चुरचुरले तरी एक प्रिंट जास्तीची काढून घेतली, माझ्या अहवालाला जोडायला.

तर नांदेडला परत आल्यावर मी वसतिगृहात राहायला लागले. तिथे आमची मेस एक मावशी चालवायची. लोह्याकडची बाई, आवाज खणखणीत, भाकरी थापता थापता सगळ्या पोरींची खबर घेणारी. त्या वर्षी आषाढ कोरडा गेला, श्रावणही कोरडाच चालला होता. मावशी रोज तव्यावर भाकरी टाकली की लातूरच्या कचेरीला शिव्या घालायची. तिची धाकटी बहीण लातूर जिल्ह्यातल्या एका वस्तीवर दिली होती. तीस-पस्तीस घरं, नाल्यापल्याड. गावात टँकर येतो, वस्तीवर येत नाही. बहिणीची थोरली पोरगी दहावीला होती. जानेवारीपासून ती सकाळ-दुपार गावातल्या विहिरीवर घागरी घेऊन जात होती, तिथे गावातल्या बायकांचं झाल्यावर तिचा नंबर. शाळा सुटली. दहावीला बसलीच नाही.

"लई हुशार पोरगी," मावशी म्हणायची. "गणितात तर मास्तरला हरवून राहिली होती. आता बसली घागरी मोजत. त्या नव्या हापिसात समदे आंधळे भरलेत काय गं?"

आता हे मी रोज ऐकायचं! एक दिवस ऐकलं, दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मावशी, उगाच काहीही बोलू नका. मी त्याच कचेरीत होते. असं होत नाही. तुमच्या वस्तीच्या लोकांनीच अर्ज केला नसेल."

"केला की. दोन डाव केला. कागद आला त्यांचा, की नकाशापरमानं टँकर बरोबर येऊन राहिला, तुमची तक्रार खोटी."

"मग येत असणार. नकाशावर आहे म्हणजे आहे."

"दाव बरं मला," मावशी म्हणाली.

दाखवते ना! मी तणतणत खोलीत गेले, प्रिंट आणली, मेसच्या लांब टेबलावर पसरली आणि कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. चार-पाच पोरी गोळा झाल्या. मी मास्तरीण झाले. हा बघा रस्ता, हा नाला, हे गाव. मावशीनं पिठाचे हात पदराला पुसले आणि विचारलं, "नाल्यापल्याड वस्ती कुठं हाय?"

नाल्यापल्याड पांढरा कागद होता.

मी पहिल्यांदा म्हणाले की थांबा, इकडे असेल. बोट वर नेलं, खाली नेलं. आणि बोट फिरवता फिरवताच मला आठवलं. वस्ती दोन तुकड्यांच्या जोडावर होती. डावा तुकडा उतरवताना ती कडेला अर्धी कापलेली दिसली, मी म्हटलं ही उजव्याबरोबर घेऊ. मग संक्रांत आली. परत येऊन उजवा उतरवला तेव्हा त्याची कड फाटलेली होती, वर कुणी तरी पट्टी चिकटवली होती, आणि मी म्हटलं ही कड तर डाव्याबरोबर झालेली आहे. दोन्हीकडून सुटली. आणि आमची ती यादी वाचायची पद्धत! यादी सरकारी गावांची. वस्तीला गाव म्हणून नावच नाही, तर चाचा ते वाचणार कुठून आणि मी बोट ठेवणार कशावर? जुना शिपाई असता तर त्यानं एका नजरेत ओळखलं असतं.

मला लाज वाटली, लई लाज वाटली, आणि तरीही मी तोंडानं म्हणाले, "ही प्रिंट जुनी दिसतेय. नवीत असेल." मावशीनं माझ्याकडे बघितलं, प्रिंटकडे बघितलं आणि भाकरी करपते म्हणून चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा होती. ती बुडवून मी सकाळची लातूरची गाडी धरली. लोहा, अहमदपूर, दोन्ही बाजूंनी करपलेली ज्वारी. कचेरीत पोचले तेव्हा चाचा नमाज पढून नुकतेच टेबलाशी बसले होते. मला बघून चेहरा खुलला. "अरे, आमची इंजिनीअर आली!" मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ते उठले, कपाटातून मूळ ट्रेसिंग काढलं, पोत्यातून ते दोन जुने तुकडे काढले, एकाला एक लावून बघितले. वस्ती होती. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

"माझी पण सही आहे," ते म्हणाले. "नजर माझीच चुकली."

त्यांनी पेनात शाई भरली आणि नाल्यापल्याड वस्तीची खूण काढली, शेजारी बारीक अक्षरात नाव लिहिलं. काम संपलं. पेन त्यांनी खाली ठेवलं नाही. नकाशाच्या उजव्या अंगाला दुरुस्तीचा रकाना असतो. काय बदललं, कोणत्या तारखेला, का बदललं, तिथे लिहायचं आणि सही करायची, म्हणजे पुढच्याला कळतं की आधी चूक होती. चाचांचा हात त्या रकान्यावर थांबला.

"तुझ्या रिपोर्टवर साहेबांची सही झाली?"

"नाही अजून."

"इथे लिहिलं तर साहेबांपुढे जाईल. अर्जाला उत्तर दिलंय आपण, की तक्रार खोटी. ते फिरवावं लागेल. चौकशी लागेल. माझं काही नाही बेटा, मला एक मेमो मिळेल, मी दोन महिन्यांत घरी जातो. पण तुझा कागद अडकणार. न लिहिता नवीन प्रिंट काढली तरी उद्यापासून टँकर जाईल. तू बोल. लिहू?"

खाली गोदामात हमाल पोती टाकत होते, त्याची धूळ खिडकीतून वर येत होती. मी स्वतःला सांगितलं, पाणी मिळाल्याशी कारण.

"राहू द्या," मी म्हणाले.

चाचांनी पेनाचं टोक पुसलं. त्यांनी मला चहा पाजला, पण त्या दिवशी ते मला इंजिनीअर म्हणाले नाहीत.

आठवड्यात वस्तीवर टँकर सुरू झाला. मावशीला निरोप आला तेव्हा तिनं सगळ्या पोरींना गूळ वाटला. म्हणाली, "कुणी केलं देव जाणे, पर केलं." वस्तीवरच्या लोकांना वाटलं त्यांच्या एका पुढाऱ्यानं हे करून आणलं, त्यांनी त्याला शाल-नारळ दिलं. मी गूळ खाल्ला. गोष्ट इथे संपली असती तर मी ही कधी लिहिलीही नसती.

पोळ्याच्या सुमाराला मावशी पुन्हा सांगत होती. पोरीची आई पोरीला घेऊन शाळेत गेली होती, की आता पाण्याचं मिटलं, हिला परत दहावीला बसवा. हेडमास्तर म्हणाले, सहा-सात महिने गैरहजर, नाव कमी झालंय. पाण्याचं कारण सांगितलं तर ते म्हणाले, पाण्याचं कारण खोटं. कचेरीचा कागद ग्रामपंचायतीत लागलाय की टँकर नेमानं येत होता. कचेरीचा उलटा कागद आणा, मी आजच नाव घालतो.

"आता असा कागद कोण देतंय?" मावशी म्हणाली.

मी ताटावर होते. मी दिला असता. म्हणजे मी लातूरला जाऊन साहेबांपुढे उभी राहिले असते आणि सांगितलं असतं, तर तो कागद निघाला असता. चाचा अजून नोकरीत होते, दोन्ही जुने तुकडे पोत्यात होते. अहवाल साहेबांच्या टेबलावर होता. सही दसऱ्यापर्यंत होईल असं कारकुनानं कळवलं होतं. मी ठरवलं, सही होऊ दे, मग जाऊ. हे मी अगदी मनापासून ठरवलं होतं.

दसरा झाला, सही झाली, अहवाल आला. तोवर चाचा निवृत्त होऊन हैदराबादला लेकाकडे गेले होते आणि दहावीचे फॉर्म भरायची मुदतही सरली होती. मग मी म्हणाले, आता सांगून काय उपयोग? इतकं सोपं होतं ते. सरांना अहवाल फारच आवडला. त्यांनी नवीन प्रिंट वर्गात भिंतीला लावली आणि पोरांना सांगितलं, नकाशा असा पाहिजे. ज्यांनी मला पहिल्या तासाला हसून घेतलं तीच पोरं आता रेघ कशी मारायची ते विचारायला यायची. मी सांगायचे. मला आनंद व्हायचा, हेही खोटं नाही. तरी त्या भिंतीकडे पाठ होईल अशी जागा मी धरली होती.

मी पहिल्या वर्गात पास झाले. त्याआधी वैशाखात मावशी चार दिवस रजेवर गेली होती, बहिणीच्या त्या पोरीचं लग्न होतं. नायगावकडे दिली. नवरा ट्रॅक्टर चालवतो, माणसं बरी आहेत, असं ती म्हणाली.

निकालानंतर सामान न्यायला मी वसतिगृहात गेले. सोबत कंधारहून पेढे आणले होते. मेस रिकामी होती, मावशी एकटीच तांदूळ निवडत बसली होती. तिनं पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तो हात सोसेना. मी तिथेच खाली बसले आणि म्हणाले, "मावशी, तो नकाशा मी काढला होता. वस्ती माझ्याच हातून सुटली होती."

"ठावं हाय," ती म्हणाली. सुपातलं लक्ष काढलंही नाही.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. खालच्या कोपऱ्यात तुझं नाव होतं. म्या चौथी शिकले, नाव वाचता येतंय मला."

"मग बोलला का नाहीत?"

"म्या कामून बोलू? दुसऱ्या दिशी परीक्षा सोडून लातूरला पळालीस, तवा म्हटलं पोरगी सांगंल. मग हेडमास्तरानं कागद मागितला तवा तुझ्याम्होरंच बोलले मुद्दाम. तू ताट तसंच ठेवून उठून गेलीस." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "तवा वाटलं, उद्या सांगंल. लई दिस वाट बघितली गं."

मला रडू आलं. तिनं रडू दिलं, समजूत काढली नाही. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "माझ्याकडं रडून काय? म्या काय घागरी वाहिल्या? तिला सांग. तिला अजून वाटतंय, तिच्या बापानं अर्ज नीट लिवला न्हाई म्हणून. बापाशी बोलत न्हाई ती."

तिनं मला गावाचं नाव सांगितलं, फाटा सांगितला, नवऱ्याचं घर मारुतीच्या मागं आहे हेही सांगितलं. मी हो म्हणाले.

पुढे मला नांदेडलाच नोकरी लागली. तीस-बत्तीस वर्षं मी त्या भागातले रस्ते मोजले, पूल तपासले. त्या फाट्यावरून किती वेळा गेले याला गणती नाही. एकदोनदा जीप थांबवून तिथे चहाही घेतला. फाट्यावरून मारुतीच्या देवळाचं शिखर दिसतं. मी गावात गेलेले नाही.